दिवाळीत मुलांना नाशिकला पाठवायचंय, निरोप कसा लिहू?

तळ्याकाठची | शनि, १६ ऑगस्ट २०२५, रात्री ११:२०

एरवी इथे पाककृती आणि गझला वाचून गुपचूप निघून जाते. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

परस्परसंमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. दोघं माझ्याकडे, ठाण्यात, चरईत. कन्सेंट टर्म्स, म्हणजे कोर्टात दोघांनी मान्य केलेल्या अटी, अशा: पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार बाबाकडे, दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी अर्धी-अर्धी, नेणं-आणणं बाबाने, माझ्या घरून. तेव्हा तो कोपरीला राहायचा. रिक्षाने दहा मिनिटं, कोणाला काही कळवायचीही गरज नसायची. जूनमध्ये नोकरीमुळे तो नाशिकला गेला आणि तेव्हापासून प्रत्येक तिसरा शनिवार भांडणाचा.

आज तिसरा शनिवार आणि आजच दहीहंडी. टेंभी नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. सकाळपासून रस्ते बंद, वर पाऊस. तो नाशिकहून गाडीने निघाला, भिवंडी बायपासला अडकला, मग साकेत पुलावर अडकला, दहाच्या ऐवजी दुपारी सव्वाला पोचला. मुलं बूट घालून तीन तास सोफ्यावर. मी लिहिलं: "बारा वर्षं ठाण्यात राहिलास, दहीहंडी कधी असते एवढंही माहीत नाही?" त्याने लिहिलं: "मग तू कसाऱ्याला आणून सोडायचं होतंस." पुढचं लिहीत नाही.

आता दिवाळी. त्याची बहीण भाऊबीजेला नाशिकला येते, म्हणून दुसरी अर्धी सुटी त्याला हवीय. मला लक्ष्मीपूजन इथे हवंय, म्हणजे खरं तर दोघांचं जमतंय. पण हे त्याला लिहायचं कसं? मागच्या महिन्यात मी मुद्दाम अदबीने लिहिलं होतं, "कृपया आपण वेळ पाळावी ही विनंती." त्यावर उत्तर आलं, "टोमणे पुरे." मला खरंच टोमणा मारायचा नव्हता. (थोडा होता.)

लग्नाआधीपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करतो. आता "तू" लिहिलं की जवळीक वाटते, "तुम्ही" लिहिलं की नाटक, "आपण" लिहिलं की टोमणा. काय लिहू?

---

खारी बिस्कीट | शनि, रात्री ११:४१

थेट गाडी नंबर आणि वेळ लिहायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

---

घंटाळीकर | रवि, १७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

ताई, लहान तोंडी मोठा घास, पण दिवाळीचं निमित्त आहे. एकदा चहाला बसून बघा दोघं. मुलांकडे बघून माणसं विरघळतात.

---

तळ्याकाठची | रवि, सकाळी ८:३०

घंटाळीकर, चहा बरेचदा झाला. शेवटचा कोर्टाच्या कँटीनमध्ये. धाग्याचा विषय निरोप आहे, तेवढ्यावरच बोलूया.

---

जुना खडू | रवि, सकाळी १०:१२

नौपाड्यातला निवृत्त मराठीचा मास्तर आहे. संसारावर सल्ला देण्याची माझी पात्रता नाही (सौ. बाजूला बसून मान डोलावत आहेत), पण वाक्यांवर देऊ शकतो.

तुमचं वाक्य बघा. "एवढंही माहीत नाही?" यातला "ही" काढा. निम्मं भांडण त्या एका अक्षरात आहे. "एवढं तरी", "निदान", "नेहमीप्रमाणे", "परत एकदा" हे सगळे त्याच जातीचे शब्द. निरोप पाठवण्यापूर्वी ते वेचून काढायचे, तांदळातले खडे काढतात तसे.

दुसरं, कर्ता. "तू उशीर केलास" आणि "उशीर झाला" यांतला फरक बघा. दुसऱ्यात कर्ता "उशीर" आहे, माणूस नाही. माणूस पिंजऱ्यातून बाहेर आला की उत्तर शांत येतं. "तू कळवलं नाहीस" ऐवजी "निरोप मिळाला नाही". "तू मुलांना उपाशी आणलंस" ऐवजी "मुलं आली तेव्हा जेवलेली नव्हती". आपल्या भाषेत ही सोय फार जुनी आहे. घरोघरी कप "फुटतो", तो कोणी फोडत नाही.

राहता राहिलं संबोधन. विध्यर्थ वापरा: "गुरुवारपर्यंत कळवावे." त्यात तूही नाही, तुम्हीही नाही.

---

खारी बिस्कीट | रवि, सकाळी १०:२०

कप फुटतो :D

---

शनिवारचा बाबा | रवि, दुपारी ३:४८

मास्तरांचा आदर ठेवून असहमत.

मी ऐरोलीत राहतो, मुलगी आईकडे डोंबिवलीला. म्हणजे या धाग्यातला पलीकडचा माणूस. माझ्या आधीच्या बायकोने वर्षभर मला "कळवावे", "आणावे", "नोंद घ्यावी" असंच लिहिलं. पाणीपट्टी थकल्याची नोटीस वाटायची. तेरा वर्षं जिने मला नावाने हाक मारली तिच्याकडून "संबंधिताने" वाचलंय मी.

शिवाय कर्ता गाळायची गंमत बघा. एकदा निरोप आला: "रविवारी ५ वाजता मुलीला ठाणे स्टेशनला आणले जाईल." कोण आणणार? मला वाटलं तिचा भाऊ. तिच्या भावाला वाटलं ती. ती समजत होती की मीच डोंबिवलीला जाऊन घेणार. शेवटी मुलगी तिच्या आजीबरोबर फलाटावर आणि मी डोंबिवलीच्या जिन्यात. त्या दिवशी मेगाब्लॉक होता हे वेगळं सांगायला नको.

दोष सांगताना माणूस गाळा, ते मान्य. पण काम सांगताना माणूस नावानिशी हवा. "मी आणते", "तू घे".

आणि तळ्याकाठची, एक विचारतो, राग मानू नका. तो सव्वाला पोचला, त्याआधी त्याने काही कळवलं होतं का?

---

तळ्याकाठची | रवि, दुपारी ४:१५

कळवलं होतं. अकरा वाजता: "अडकलोय." साडेबाराला: "अजून अडकलोय." मी दोन्ही निळे करून सोडून दिले.

---

शनिवारचा बाबा | रवि, दुपारी ४:२२

साकेत पुलावर पावसात बसून दोन निळ्या खुणांकडे बघणं काय असतं ते मला माहीत आहे. एवढंच. तुमची तीन तासांची चिडचिडही खरीच आहे. सोफ्यावर बूट घालून बसलेली मुलं मला दिसली वाचताना.

---

कडक चहा | रवि, रात्री ९:०२

एवढे लाड कशाला? पोटगी वेळेवर देतो का ते आधी सांगा. थकली असेल तर मुलं पाठवायचीच नाहीत, गाडी नंबर कसले लिहिताय.

---

सोनचाफा | मंगळ, १९ ऑगस्ट, दुपारी १२:३५

आज पावसाने ठाणे-सीएसएमटी लोकल बंद, म्हणून घरी आहे आणि सविस्तर लिहिते. मी वकील नाही. बरीच वर्षं कुटुंब न्यायालयात समुपदेशक होते. (कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा, त्यातच समुपदेशकांची तरतूद आहे. आम्ही फक्त "एकत्र राहा" सांगायला बसतो असा समज आहे. खरं तर माझे अर्धे दिवस अशाच निरोपांवर गेले.)

कडक चहा, पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटगी थकली तर त्यासाठी वसुलीचा अर्ज करता येतो. मुलं रोखून धरली तर आदेश मोडणारी तुम्ही ठरता. आणि मुलांना वाटतं की आपल्यासाठी पैसे मोजले जातात. हे मी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे.

तळ्याकाठची, आता तुमचं. तुमच्या टर्म्स कोपरी-चरई या अंतरासाठी लिहिल्या गेल्या. माणूस नाशिकला गेला, कागद कोपरीतच राहिला. नेणं-आणणं त्याचंच, हे कागदावर बरोबर आहे, आणि म्हणून तुम्हाला कसाऱ्याचा राग येतो. पण दर पंधरा दिवसांनी हाच वाद घालायचा नसेल तर दोन गोष्टी वेगळ्या करा.

दिवाळीपुरता बदल करायचा असेल तर निरोपात "या वेळेपुरतं" हे शब्द घाला आणि त्याचं लेखी "हो" घ्या. मेलवर घेतलंत तर उत्तम, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये खालून वर शोधत बसावं लागतं. कायमचा बदल करायचा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबतचे आदेश नंतरही बदलून घेता येतात. दोघांचं एकमत असेल तर ते फार अवघड नसतं. वकिलांना विचारा.

आणि हो, हे सगळे निरोप उद्या न्यायाधीशांसमोर जाऊ शकतात. लिहिताना मी लोकांना सांगायचे, तुमच्या दोघांच्या खांद्यावरून एक तिसरं, कंटाळलेलं माणूस वाचतंय असं समजा. त्याला दहीहंडीत रस नाही. त्याला फक्त मुलं कुठे, किती वाजता, कोणाबरोबर एवढंच हवंय.

आणखी एक. मुलं तिकडे असताना रोजचा फोन किती वाजता, तेही आधीच ठरवा. प्रत्यक्ष भेटीशिवाय फोन आणि व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा मुलांचा आणि पालकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात स्पष्ट मांडला आहे. वेळ ठरलेली नसली की आई दिवसातून सहादा फोन करते आणि बाबा उचलत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

---

तळ्याकाठची | मंगळ, दुपारी २:१०

सोनचाफा, खूप आभार. "कागद कोपरीतच राहिला" हे वाचून हसू आलं, मग रडू.

पहिला मसुदा टाकते, झोडा:

"हाय. दिवाळीबद्दल बोलायचं होतं. मला माहीत आहे की टर्म्सप्रमाणे नेणं-आणणं तुझ्याकडे आहे आणि मी कसाऱ्याला येणं बंधनकारक नाही, तरी मुलांना त्रास नको म्हणून मी थोडं अ‍ॅडजस्ट करायला तयार आहे. पाडव्यापासून मुलं तुझ्याकडे राहू शकतात. मागच्या वेळेसारखं होऊ नये एवढीच अपेक्षा. कसं काय ते कळव."

---

जुना खडू | मंगळ, दुपारी २:४०

"एवढीच" मधला "च" त्या "ही"च्याच जातीचा. तांबड्या पेनाची आठवण झाली.

---

शनिवारचा बाबा | मंगळ, दुपारी ३:०५

पलीकडून वाचून दाखवतो. पहिलं वाक्य: काहीतरी झालंय. दुसरं: उपकार. तिसरं: "राहू शकतात" म्हणजे परवानगी, माझ्याच मुलांची. चौथं: शनिवार. पाचवं: आता सगळं मी ठरवायचं, आणि ठरवलं की तिला ते पटणार नाही.

यात तारीख एकही नाही.

---

पासवाला | मंगळ, रात्री १०:३०

पंचवटी एक्स्प्रेसचा जुना पासधारक, नाशिक रोड ते ठाणे. आमच्या डब्यात तुमच्यासारखी दोन-तीन कुटुंबं सगळ्यांना माहीत आहेत. शनिवारी एक बाबा एकटा चढतो आणि रविवारी संध्याकाळी एकटाच परततो. आम्ही त्याला खिडकी देतो.

प्रवासाचं सांगतो.

गाडीने नको. दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे, पण वेळ घाट ठरवत नाही, माजिवडा ते वडपे हा पट्टा ठरवतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जूनमध्ये सुरू झाला, तरी आमणेनंतर भिवंडी आहेच. सणाच्या दिवशी तर नकोच.

कसारा नको. नकाशावर मध्ये दिसतं, पण लोकलने ठाण्याहून पावणेदोन तासांच्या आसपास आणि लोकल मोजक्या. एक चुकली की दोन मुलं घेऊन तिथे बसा. मध्यंतर हवंच असेल तर कल्याण. नाशिकची बहुतेक प्रत्येक गाडी तिथे थांबते.

बाबाने सकाळच्या पंचवटीने यावं, नाशिक रोडहून सातच्या सुमारास सुटते, दहाच्या आत ठाणे. मुलं घ्यावीत, काहीतरी खावं, दुपारच्या जनशताब्दीने परत. अंधार पडायच्या आत घर. येताना मुलांना पुन्हा पंचवटी.

तिकिटांचं लक्षात ठेवा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, एकशेवीस नाही. पाडवा २२ ऑक्टोबर, म्हणजे बुकिंग या शनिवारी, २३ ऑगस्टला, सकाळी आठ वाजता. दिवाळीची गाडी, चहा होईपर्यंत वेटिंग लागतं. परतीचा रविवार २६ ऑक्टोबर, त्याचं बुकिंग २७ ऑगस्टला. त्या दिवशी गणेश चतुर्थी! सकाळी आठला मूर्ती आणायची की मोबाइल धरायचा, ते आधी ठरवा.

आणि पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं तिकीट काढलं तर स्वतंत्र जागा मिळत नाही. जागा हवी तर पूर्ण भाडं. तीन तास सहा वर्षांचा मुलगा मांडीवर बसत नाही, पूर्णच काढा. पैसे कोण देणार तेही लिहा, नाहीतर पुढचं भांडण त्याचं.

---

तळ्याकाठची | बुध, २० ऑगस्ट, सकाळी ७:५०

पासवाला, तुम्ही तर माझी अर्धी दिवाळी लावून दिलीत. "आम्ही त्याला खिडकी देतो" हे वाचून मात्र थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

दुसरा मसुदा. शनिवारच्या आत पाठवायलाच हवा, त्यामुळे आज रात्री पाठवणार.

"दिवाळीचा प्रवास, या वेळेपुरता.
जाताना: बुधवार २२ ऑक्टोबर, पाडवा. तू सकाळच्या पंचवटीने ये. मी दोघांना घेऊन १० वाजता ठाणे स्टेशन पश्चिम, सॅटिस पुलाखाली तिकीट खिडकीशी उभी असेन. पुढे दुपारची जनशताब्दी.
येताना: रविवार २६ ऑक्टोबर, पंचवटी. मी त्याच जागी घ्यायला येईन.
जातानाची तीन तिकिटं मी काढते, येतानाची तू काढ. मुलांना पूर्ण तिकीट, जागेसकट. जातानाचं बुकिंग शनिवारी सकाळी ८ ला उघडतं, म्हणून गुरुवारी रात्रीपर्यंत हो-नाही कळव.
फोन रोज रात्री ८ ला, दहा मिनिटं.
यात काही बदल हवा असेल तर सांग."

---

सोनचाफा | बुध, सकाळी ९:१५

छान. एकच भोक आहे. १८ ऑक्टोबर हा तिसरा शनिवार. टर्म्सप्रमाणे ते दोन दिवसही त्याचे. त्या दिवशी धनत्रयोदशी आहे. तुम्ही धरून चालला आहात की सुटीची वाटणी झाली म्हणजे तो शनिवार त्यात आला. तो धरून चालला असेल की नाही आला. कॅलेंडर बघा आणि आताच लिहा. माझ्या टेबलावर आलेली निम्मी दिवाळीची भांडणं असल्याच एका शनिवारची असायची.

६ सप्टेंबरचा पहिला शनिवारही बघून ठेवा. अनंत चतुर्दशी आहे.

---

खारी बिस्कीट | बुध, सकाळी ९:१८

हे सगळे सण शनिवारीच का येतायत यंदा!

---

जुना खडू | बुध, सकाळी ९:४०

मी माझा "कळवावे" मागे घेतो. "तू ये", "मी काढते", "तू काढ" हे बरोबर आहे. शनिवारचा बाबा यांना अनुमोदन. शेवटचं "यात काही बदल हवा असेल तर सांग" हे वाक्य ठेवाच, दार उघडं राहतं.

संबोधनाबद्दल सौ. म्हणतात, तूच ठेवा. मुलांसमोर इतकी वर्षं अरे-तुरे केलंत आणि उद्या फोनवर "तुम्ही कुठवर आलात" म्हणालात, तर सगळ्यात आधी मुलीला कळेल.

---

दोन दप्तरं | बुध, रात्री ८:५५

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. मी ती मुलगी होते. आता चोवीस वर्षांची आहे, खारघरला राहते.

निरोप कसा लिहायचा यावर मला काही माहीत नाही, कारण माझे आई-बाबा निरोप लिहीतच नसत. निरोप मी होते. "बाबांना सांग, पुढच्या वेळी स्वेटर परत पाठवायला." "आईला सांग, परीक्षा असली तर आधी सांगायचं." मी वाटेत ते शब्द बदलायचे. "स्वेटर पाठवायला" हे "स्वेटर छान आहे म्हणाली" असं करायचे. नऊ वर्षांची असताना मी या धाग्यातल्या सगळ्यांपेक्षा जास्त मसुदे केलेत.

मला वेळ कधीच थेट सांगितली जायची नाही. आजीच्या चेहऱ्यावरून कळायचं की आज जायचंय. तुमची मुलगी नऊची आहे म्हणून सांगते. बाबाचं हो आलं की तोच कागद तिला वाचायला द्या. बाबालाही सांगा, तिकडून फोनवर तेच सांगायला. दोघांकडून एकच वेळ ऐकली की पोटात गोळा येत नाही.

आणि बॅग. माझी बॅग भरताना आई रडायची आणि उघडताना बाबा चिडायचा ("ब्रश नाही, मोजे नाहीत"). नाशिकला एक ब्रश, एक चप्पल, घरचे दोन कपडे कायमचे राहू देत.

---

तळ्याकाठची | बुध, रात्री ९:३०

दोन दप्तरं, तुला अगं म्हणते, चालेल ना? मागच्या महिन्यात मी लेकीला म्हणाले होते, "बाबाला विचार कधी येणारे." ती म्हणाली, "तो म्हणाला लवकर येईन, आणि तू कशी आहेस विचारलं." तो असं विचारत नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निरोप पाठवला, ९:२२ ला. वाढवलेलं असं: "१८-१९ ऑक्टोबरचा शनिवार-रविवार मी सुटीच्या वाटणीत धरला आहे, त्याबदल्यात २५-२६ नोव्हेंबरचा" अरेरे, हे मी तारखा चुकवून लिहिलं होतं, पाठवण्याआधी लेकीच्या शाळेच्या कॅलेंडरवर बघितलं. ते मंगळवार-बुधवार निघाले. "२२-२३ नोव्हेंबर" करून पाठवलं. आणि शेवटी एक ओळ, तुमच्यापैकी कोणालाही न विचारता: "शनिवारी दोन्ही मेसेज वाचले होते, उत्तर द्यायला हवं होतं."

---

शनिवारचा बाबा | बुध, रात्री ९:३४

ती शेवटची ओळ कोणाला विचारून लिहिता आलीही नसती.

---

तळ्याकाठची | गुरु, २१ ऑगस्ट, सकाळी ११:०५

उत्तर जसंच्या तसं:

"जाताना ठीक. येताना कल्याणला ये, मला तिथून पुढे भिवंडीला काम आहे. १८-१९ ठीक. ६ सप्टेंबरला विसर्जनात कोणी हलू शकणार नाही, १३ चा शनिवार चालेल का. फोन ८ नको, ८:३०, जेवताना नको."

धन्यवाद नाही, काही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा "येताना कल्याणला ये" वर माझं डोकं फिरलं. हुकूम! मग मास्तरांसारखं वाचलं. त्यात "ही" नाही, "च" नाही. त्याने ६ सप्टेंबर स्वतःहून काढला. मी लिहिलं: "कल्याण ठीक, या वेळेपुरतं. १३ चालेल. ८:३० चालेल."

---

कडक चहा | गुरु, दुपारी १:२०

म्हणजे शेवटी तुम्हीच कल्याणला जाणार. म्हटलं नव्हतं?

---

सोनचाफा | गुरु, दुपारी १:५५

कल्याण वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, कडक चहा. त्या बदल्यात धनत्रयोदशी आणि एक विसर्जन निर्विघ्न मिळालं. समुपदेशकाच्या खुर्चीतून हा सौदा मी दोन्ही हातांनी घेतला असता.

---

पासवाला | शनि, २३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

मिळाली का तिकिटं?

---

तळ्याकाठची | शनि, सकाळी ८:२६

मिळाली! ८:०३ ला. फोटो त्याला पाठवला, वर काहीही न लिहिता. त्याचा अंगठा आला.

---

तळ्याकाठची | रवि, २६ ऑक्टोबर, दुपारी १:४०

धागा वर काढतेय, कारण तीन-चार जणांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) विचारलं.

पाडव्याला तिकीट खिडकीशी दहाला पोचले. तो पावणेदहापासून उभा होता. दोन मिनिटांत मुलं त्याच्याकडे गेली. मी पाणी आणि मुलाच्या खोकल्याचं औषध दिलं, औषधावर वेळ लिहिलेली चिठ्ठी. बोलणं झालं ते एवढंच: "जेवलीत?" "पोहे." लेकीने ठरलेला कागद घडी करून खिशात ठेवला होता आणि तिनेच आम्हाला सांगितलं की जनशताब्दीला अजून खूप वेळ आहे, तोवर वडापाव खायचा.

दोन दिवस फोन ८:३० ला. शुक्रवारी आला नाही. मी नऊपर्यंत थांबले, मग लिहिलं, "आज फोन राहिला." कर्ता फोन! मास्तर, बघा. ९:१० ला आला, आत्याकडे जेवायला गेले होते.

आज पंचवटीला उशीर झाला. दहीहंडीच्या दिवशी "अडकलोय" एवढंच लिहिणाऱ्या माणसाचे आज निरोप आले: "इगतपुरी सोडली." "कसारा." "आसनगावला थांबलीय, कारण माहीत नाही." "सुटली." मी प्रत्येकाला "बरं" लिहिलं.

मुलं आली. बॅग हलकी होती, ब्रश आणि चप्पल तिकडेच राहिली आहेत. पण हातात एक मोठा स्टीलचा डबा. माझ्या आधीच्या सासूबाईंचा भाजक्या पोह्यांचा चिवडा. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, लग्नातला आहे, मी ओळखते तो. दोन वर्षांत त्या घरातून माझ्यासाठी म्हणून काही आलं नव्हतं. माझ्यासाठी आहे की मुलांसाठी, तेही माहीत नाही, विचारलं नाही.

त्याला लिहिलं: "डबा मिळाला. शनिवारी, १ तारखेला परत येईल."

---

जुना खडू | रवि, दुपारी २:१५

कर्ता डबा. पैकीच्या पैकी गुण.

पण सौ. विचारताहेत, रिकामा परत पाठवणार का?

---

तळ्याकाठची | रवि, दुपारी २:३२

चकल्या संपल्या. शंकरपाळे आहेत, थोडे कडक झालेत.

---

दोन दप्तरं | रवि, दुपारी २:४०

पाठवा. चिवड्याच्या डब्यातून शंकरपाळे आले की आजी फोन करते.